बोर्ड सरकारचा, पाठ माझी

माझ्या घरमालकाने मला फसवलं. माझ्या एकुलत्या एक मुलीने रजिस्टर लग्न केलं, त्यात साक्षीदार म्हणून सही करायला तो गेला आणि मला त्याने कळूसुद्धा दिलं नाही. गेला तो माझाच कोट घालून. जिवंत होता तोवर मी त्याला अहो-जाहो करत होतो. आता तो नाही आणि मी अरे-तुरेवर आलो आहे. कोणाला खटकत असेल तर खटको.

मी रद्दीचा व्यापारी. उमरेडच्या विणकरांच्या घरातला. माग बंद पडले तेव्हा नागपुरात आलो, सायकलवर दारोदार पेपर गोळा केले. आज हुडकेश्वरला माझं गोडाऊन आहे, स्वतःच्या गाड्या आहेत, सरकारी कचेऱ्यांतली जुनी रद्दी मी कोटेशन भरून उचलतो. हे सगळं घासाघीस करून कमावलेलं आहे. कोणी कुठलाही भाव सांगितला तरी मी आधी नाही म्हणतो. भाव चांगला असला तर जरा जोरात नाही म्हणतो. मग आवाज चढवतो, उठून चालायला लागतो, कोपऱ्यावरून परत येतो आणि हो म्हणतो. माझ्या नाहीला काही अर्थ नसतो, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. निदान असायला हवं होतं.

माझं गोडाऊन घरमालकाच्या घराखाली होतं, मागच्या खोल्यांत आम्ही राहायचो आणि वर तो एकटा. कुठल्या खात्यातून निवृत्त झाला ते त्याने कधी सांगितलं नाही. पेन्शन येत होती एवढं खरं. आसपासच्या फाटकांवर लोकांनी काळ्या दगडात नावं कोरून घेतली होती, डिग्र्या, मुलांची नावं, कोणी तर कुत्र्याचं नावसुद्धा. ह्याच्या फाटकावर काही नव्हतं. पोस्टमन कंटाळून म्हणायचा, "मालक, पाटी लावून घ्या ना एखादी."

"काहून? तुले माहीत आहे ना मी कोण आहो?"

"मले माहीत आहे."

"मंग झालं. बाकीच्याइले काय करायचं?"

पार्सल आलं की त्यावरचा नावाचा कागद तो आधी चहाच्या वाफेवर धरून सोलायचा, मग चिंध्या करून कुंडीत पुरायचा. त्याच्या गुलाबाला खत म्हणून त्याचाच पत्ता मिळत असे. दुकानात बिल करताना पोरीने "मोबाईल नंबर सांगा" म्हटलं की हा म्हणायचा, "आधी तुझा सांग बेटा." ती लाजायची, मागची रांग ओरडायची, मॅनेजर यायचा. बनियन घ्यायला गेलेला माणूस तासाभराने बनियन घेऊनच बाहेर पडायचा, पण नंबर न देता. मी एकदा सोबत होतो. मला राग आला आणि हेवाही वाटला. इतकं अडून बसायला मला निदान दोन पैसे सुटायला लागतात. हा काही सुटत नसताना अडून बसायचा आणि जिंकायचा.

माझ्या मालावर त्याचा डोळा होता. कचेऱ्यांतल्या रद्दीत लोकांचे जुने अर्ज असतात. फोटो चिकटवलेले, जातीचे दाखले जोडलेले, घरनंबर, बापाचं नाव, आईचं नाव. नियमाने ते फाडूनच द्यायला हवेत, पण फाडत कोण बसतं? गठ्ठे जसेच्या तसे येतात. पूर्वी मी त्यातले बरे कागद पुड्यांसाठी किराणावाल्यांना द्यायचो. एक दिवस मालक हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन खाली आला.

"हे पाय. ह्या बाईले नवऱ्यानं टाकलं, ती खावटी मागून राहिली, तिचा पूर्ण पत्ता. अन् मी तिच्यात शेंगदाणे खाऊन राहिलो."

"मग नका खाऊ," मी म्हणालो. "मी कागद वाचत नाही मालक, मी तोलतो."

"तू तोलतो. पण जो वाचते तो तोलत नाही ना गा."

त्या दिवसापासून तो दुपारी कात्री घेऊन गोडाऊनमध्ये बसायला लागला. फोटो आणि पत्ता तेवढा कापून काढायचा. मी ओरडलो, मालाचं वजन कमी होतं म्हणून. तो म्हणाला, मग भाडं कमी दे. एवढ्यावर सौदा मिटला. पण त्याच्यासमोर दुसरी कात्री घेऊन माझी मुलगी बसू लागली, त्याचा मात्र भाव ठरला नव्हता.

मयूरी तेव्हा शाळेत होती. तिला आई नाही. तिची आई गेल्यावर मी तिला वाढवलं, म्हणजे मी कमावलं आणि ती वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकून ती मालकासमोर मांडी घालून बसायची. ती त्याला आबा म्हणायची. दोघं कापत बसायचे आणि बोलत असायचे. मी आत आलो की बोलणं थांबायचं.

"काय चाललंय?" मी विचारायचो.

"काही नाही बाबा."

"काही नाही तर एवढं हसू कशाचं?"

मालक कात्री न थांबवता म्हणायचा, "पोरीचं हसू आहे गा. त्याचाही भाव करतो का?"

दहावीचा निकाल लागला तेव्हा ती आधी वर गेली, मग खाली आली. पहिल्या नोकरीचे पेढे आधी वर गेले. मी विचारलं तर म्हणाली, "आबा कोणाले सांगत नाहीत, बाबा. तुम्ही चौकापर्यंत सांगता." सांगणारच ना! माझी मुलगी होती ती. मी आनंदाने सांगितलं तर तो गुन्हा, आणि त्याने तोंड शिवून घेतलं तर तो मोठा माणूस.

एकदा त्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यात दाखवायला नेलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, दिवस माझा मोडला. बाहेर बाकांवर भंडारा, चंद्रपूर, वर्धा, कुठून कुठून आलेली माणसं दाटीवाटीने बसलेली. कम्पाउंडर फाइल घेऊन बाहेर यायचा आणि माणसाचं नाव, गाव आणि वर दुखणंही जोरात सांगायचा. मूळव्याध कोण, अंगावरून पांढरं जाणारी बाई कोण. एक तरुण बाई ओढणी तोंडापर्यंत घेऊन भिंतीला चिकटून बसली होती. तिचं नाव पुकारलं गेलं तशी ती उठायच्या आत मालक उठला.

"मी."

"तुम्ही कुठून? सुनीताबाई पुकारलं मी."

"हो. सुनीताबाईच आहो. काहून, दिसत नाही का?"

सगळा वऱ्हांडा हसला. पुढचं नाव पुकारलं, हा परत उठला. मूळव्याधही ह्याचीच, हर्नियाही ह्याचाच. हळूहळू दुसरे म्हातारेही गंमत म्हणून उठायला लागले. एका नावाला सात जण उभे. कम्पाउंडर रडकुंडीला आला, डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्या दिवसापासून तिथे नंबराचे बिल्ले सुरू झाले. ओढणीवाल्या बाईने जाताना त्याच्या हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला. मयूरीने ही गोष्ट वर्षभर येईल त्याला सांगितली. त्यात मी कुठेच नव्हतो. गाडी जणू आपोआप चालत गेली होती.

आता मूळ गोष्टीवर येतो. एका सरकारी इमारतीत माझी रद्दीसाठी नेहमीची फेरी असे. तिथेच रजिस्टर लग्नाची कचेरी. तिच्या बाहेर भिंतीवर काचेची पेटी आहे. धर्म-जात वेगळी असलेल्या मुलामुलींनी रजिस्टर लग्नाच्या कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं की आधी त्यांची नोटीस त्या पेटीत लागते. दोघांची नावं, वय, धंदा, राहायचा पत्ता, सगळं. महिनाभर. कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. जाणारा-येणारा कोणीही वाचू शकतो आणि मोबाईलवर फोटो काढू शकतो. असे फोटो काढून मुलीच्या गावापर्यंत पोचवणारे लोक असतात. ते कशासाठी पोचवतात हे मी सांगायला नको.

त्या पेटीपुढे मालक उभा असायचा. पेपर पूर्ण पसरून, पाठ काचेला लावून. बांध्याने दणकट माणूस, अर्धी पेटी पाठीने झाकायची, उरलेली पेपरने. आठवड्यातून चार-पाच दिवस, कचेरी उघडी असेपर्यंत. मी तिथे गेलो की तो दिसायचाच. मला वाटायचं, निवृत्त माणूस, पंख्याखाली उभा राहतो.

शिपाई वैतागायचा. "आजोबा, सरका ना गा. लोकाइले बोर्ड पाहू द्या."

"बोर्ड सरकारचा. पाठ माझी. सरकारनं माझी पाठ मागतली का?"

कोणी वाचायला आलाच तर हा पेपर खाली घ्यायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "पाहा ना. पण आधी तुमचं नाव सांगा. पूर्ण. राहता कुठं? मोबाईल? ज्या पोरीचं वाचून राहिले तिनं हे सगळं सांगितलं आहे, मंग तुम्हाले काय अडचण?" दहातले नऊ तिथूनच मागे फिरायचे. मी त्याला म्हणालो होतो, मालक, हे कायद्यात बसत नाही, ती नोटीस लोकांसाठीच आहे. तो म्हणाला, "ज्याले खरी हरकत आहे त्यानं आत जावं, साहेबापुढं स्वतःचं नाव लिहून द्यावं. मी दाराले थोडीच उभा आहो?"

सौदा म्हणून पाहिलं तर हे बिनतोड होतं. तुझं दे, तिचं घे. असा सौदा मला कधी सुचला नाही, हे आजही मला खुपतं.

मयूरी नोकरीला लागल्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस जेवताना तिने विचारलं, "बाबा, माझ्या ऑफिसमधल्या एका पोरीनं दुसऱ्या जातीत लग्न ठरवलं. मी असं केलं तर?"

मी म्हणालो, "तंगडी तोडीन."

ती जेवून उठली. मीही जेवलो. मी नाही म्हणालो होतो. पहिल्या भावाला मी नाहीच म्हणतो. तिने आवाज चढवायला हवा होता, रुसायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी परत विषय काढायला हवा होता. मी आणखी एकदा ओरडलो असतो, ताट सरकवलं असतं आणि मग मुलाला घेऊन ये म्हणालो असतो. माझ्या पोटची मुलगी, तिने पहिल्या नाहीवर दुकान सोडून जावं? आणि जावं ते सरळ वरच्या मजल्यावर?

माझे भाऊ उमरेडला आहेत. त्यांचे माग गेले तरी ताठा गेलेला नाही, आणि त्यांची नाही माझ्यासारखी नसते. ती नाहीच असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी होतो ना मध्ये!

काही आठवड्यांनी मालक खाली आला. "तुझा तो काळा कोट देशील का एका दिवसासाठी? एका कार्यक्रमाले जाऊन राहिलो."

तो कोट मी सीताबर्डीला दुकानदाराला घाम फोडून घेतला होता. मी आधी नाही म्हणालो. तो जिना चढायला लागला. मग मी म्हणालो, इस्त्री करून परत द्यायचा. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच त्याने तो इस्त्री करून परत दिला. त्याच दिवशी संध्याकाळी मयूरी गळ्यात हार घालून दारात उभी राहिली. शेजारी मुलगा. हिंगण्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, बौद्ध घरातला, शांत. मी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खोट काढायला जागा सापडेना, त्यामुळे मला आणखीच राग आला.

मी भांडी फेकली नाहीत, एवढंच. तोंडाने बाकी सगळं केलं. मयूरीने मोबाईलवर फोटो दाखवला. साहेबाच्या टेबलापुढे ती, मुलगा, मुलाचे आईवडील आणि माझ्या जागी माझ्या कोटात मालक.

"मीच म्हटलं होतं आबाले, बाबाचा कोट घालून या," ती म्हणाली. "तुमचं काहीतरी तिथं असावं म्हणून."

"कोटाले बाप म्हणतेस?"

"कोट तंगडी तोडत नाही, बाबा."

मी वर गेलो. मालक पार्सलवरचा पत्ता सोलत बसला होता. मी म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. तो सोलत राहिला. मग मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "नोटीस महिनाभर लागून होती. तुले सांगितलं नाही हे खोटं आहे. सरकारनं सांगितलं होतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

नोटीस लागली होती त्याच महिन्यातली गोष्ट. मी कोटेशनसाठी त्या इमारतीत गेलो होतो. मालक नेहमीच्या जागी. मला पाहून त्याने पेपरची घडी घातली. "बरा आलास. जरा इथं उभा राय गा. लघवीले जाऊन येतो. पाठ काचेले लाव, सरकू नको."

"मला कामं आहेत मालक."

"मलेही आहेत. मी काय हौसेनं उभा आहो का? आलोच."

मी उभा राहिलो. काचेला पाठ लावून. तेवढ्यात एक तरतरीत माणूस आला, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "जरा बाजूला व्हा काका, फोटो घ्यायचे आहेत."

मला काका म्हणालेलं आवडत नाही. मी मालकाचं ऐकलेलं वाक्य त्याला ऐकवलं. "आधी तुमचं नाव सांगा. पूर्ण."

"तुम्ही कोण विचारणारे?"

"मी कोण? तू कोण? कोणाच्या पोरीचा पत्ता नेऊन राहिला? तुझ्या घरचा पत्ता दे, मीही नेतो. दे ना! आता काहून तोंड बंद झालं?"

आवाज चढला. चार माणसं जमली. तो म्हणाला, सार्वजनिक बोर्ड आहे. मी म्हणालो, माझा हातही सार्वजनिक आहे, खाऊन पाहा. तो जिन्याने उतरून गेला. मागून मालक आला, धोतराच्या सोग्याला हात पुसत, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास. तुझ्याइतकं कोणाले जमलं नसतं." मी खूश झालो. त्या माणसाने माझी केलेली ती एकच तारीफ. मी मागे वळूनही न पाहता कोटेशन द्यायला गेलो. मी सांगितलंच आहे, मी कागद वाचत नाही.

काचेच्या आत, माझ्या पाठीमागे, माझ्या मुलीचं नाव होतं. बापाचं नाव म्हणून माझं. पत्ता हुडकेश्वरचा, त्याच्याच घराचा.

मालक मागच्या वर्षी गेला. पेपरात फोटो नको, चौकात फ्लेक्स नको असं सांगून गेला. मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. मोठा फ्लेक्स, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, हसरा फोटो, भावही ठरला. चौकात लावायचा आणि म्हणायचं, लपव आता. भाव ठरल्यावर मी नाही म्हणालो आणि उठून चालायला लागलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. त्या वेळी परत फिरलो नाही.

जावई आता घरी येतो. मी त्याच्या प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणतो. तो हसतो आणि थांबतो, त्याला लगेच कळलं. मयूरी वरच्या रिकाम्या खोलीची किल्ली आपल्याजवळ ठेवते. तिथे अजून दोन कात्र्या आहेत. मी हात लावलेला तिला चालत नाही.

मी तिला एकच गोष्ट विचारतो. त्या दिवशी मालकाने मला त्या पेटीपुढे उभं केलं, ते मला येडा बनवायला, की त्याला ठाऊक होतं की तिच्या नावापुढे उभं राहायला माझ्याहून पक्का माणूस त्या अख्ख्या इमारतीत नाही? त्याने हे तिला सांगितलंय. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसतं. विचारलं की ती म्हणते, "ते माझं अन् आबाचं आहे, बाबा."

त्याचं कसं? पाठ माझी होती. काच माझ्या पाठीला लागली होती.

इथवर लिहिलं, पण मालकाचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. फाटकाचा रंग, गल्ली, काही नाही. नाव मला पूर्ण माहीत आहे, बापाच्या नावासकट. ते मी हातात धरून ठेवलं आहे आणि मयूरी हे वाचेल तेव्हा तिला कळेल कशासाठी. मला उत्तर दे. त्याने मला तिथे उभं केलं तेव्हा तो तुला काय म्हणाला, शब्दाला शब्द. नाही दिलंस तर त्याचं नाव लिहितो. आणि या वेळी, पोरी, पहिल्या नाहीवर उठून जाऊ नकोस.